निवडुंगांना मघेचं पाणी

वच्छलाबाईंच्या ओसरीवरचे निवडुंग पाहून नवखा माणूस थबकायचा. आंध्राच्या सीमेवरच्या आमच्या वांकिडी गावात काटेरी झाड बांधावर चालतं, दारात नाही. दारात ठेवलं की घरात कटकट शिरते, असं सगळेच मानतात. वच्छलाबाई तर इतकं मानायच्या, की त्यापायी त्यांचा एकुलता एक मुलगा घर सोडून गेला. आणि मग त्याच झाडांसाठी त्यांनी जे केलं, ते मी शेजारी राहून पाहिलं. मला त्याचा अजून राग येतो. नेमका कुणाचा, ते मात्र धड सांगता येत नाही.

ऐंशी सालाच्या सुमारास मी तिथल्या शाळेत शिकवायला आले, तेव्हा त्यांचे यजमान चंपतराव वारून बरीच वर्षं झाली होती. कापूस-ज्वारीची शेती बाई एकट्या रेटत होत्या. तोंडाने फटकळ, पण माझ्या घरी भाकरी थापलेली नाही हे त्यांना धुरावरून कळायचं आणि झाकलेली ताटली यायची. मुलगा उद्धव एका रोपवाटिकेत रोजंदारीवर होता. तिथल्या निवडुंगांची पिल्लं तो घरी आणायचा, डालड्याच्या रिकाम्या डब्यांत लावायचा. काही गोल, काही लांबट, काही अंगभर पांढरी लव असलेली. माय ओरडायची, तो हसायचा.

एका वर्षी मुलीकडचे लोक उद्धवला बघायला आले. चहा घेतला, जाताना त्या डब्यांकडे पाहत पाहत पायऱ्या उतरले आणि आठवड्याभरात नकार आला. त्या संध्याकाळी वच्छलाबाईंनी एक डबा उचलून गल्लीत भिरकावला. उद्धवने तो परत आणला, झाड नीट बसवलं आणि सकाळी पिशवी घेऊन नागपूरच्या गाडीला निघाला.

"फेकाचे असन तर फेक," पायरीवरून तो म्हणाला. "ठेवाचे असन तर हापशाचं पानी देऊ नोको, मरतात ते. पावसाचं दे, नाईतर ओढ्याचं."

त्यानंतर ना पत्र, ना निरोप.

हापशाचं पाणी खरोखरच जड होतं, हंड्याला आतून पांढरा थर चढायचा. बाईंनी पत्र्याच्या वळचणीखाली ड्रम ठेवला. ड्रम संपला की त्या ओढ्यावर जायच्या, स्वतःच्या तुळशीला हापशाचं आणि निवडुंगांना डोक्यावरून आणलेलं. मी चिडवायचे, सवतीच्या पोरांचे लाड चाललेत म्हणून. त्या हसायच्या नाहीत. "हे जगले तर तो येईन," म्हणायच्या, जणू तो तसं लिहून देऊन गेला होता.

आता मघांचं सांगायला हवं. श्रावण सरता सरता मघा नक्षत्र लागतं. त्या पावसाचं पाणी उघड्या अंगणात पितळेच्या पातेल्यात धरायचं, गाळून चिनीमातीच्या बरणीत भरायचं. ते वर्षभर नासत नाही आणि डोळ्यांना औषध, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. वच्छलाबाईंची बरणी गावात नावाजलेली. कुणाच्या लेकराचे डोळे आले की वाटी घेऊन माणसं त्यांच्याकडे यायची. त्या स्वतःही रोज झोपताना बोटाने दोन थेंब घालायच्या, कारण त्यांचे डोळे दुखत. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणायच्या, आणि हल्ली दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा.

सत्त्याऐंशी साली पाऊस रुसला. मघा कोरड्या गेल्या. ड्रम संक्रांतीलाच खडखडला, होळीच्या आत ओढ्यात नुसती वाळू. बरणीत आदल्या वर्षीचं पाणी होतं, तेवढंच.

एका सकाळी मी ताक मागायला गेले, तर बाई बरणी मांडीशी घेऊन ओसरीवर बसलेल्या. देवपूजेच्या पळीने एकेका डब्यात पाणी घालत होत्या. कुठला डबा कुठे आहे ते दिसत नव्हतं त्यांना. काट्यांना बोट लावून ओळखत होत्या.

"अहो, डोळ्यांचं औषध झाडांना घालता?" मी ओरडलेच.

"डोळे माहे हायेत मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "झाडं त्याचे हायेत."

मी भांडून त्यांना आसिफाबादच्या नेत्रशिबिरात नेलं. डॉक्टर तेलुगू बोलणारे, मी बाईंना मराठीत सांगत होते. काचबिंदू, उशीर झाला, गेलेली नजर परत येत नाही. मघेच्या पाण्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, त्याने काही होत नाही, घातलं काय न घातलं काय. हे मी बाईंना सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं, पाणी झाडांना दिलं म्हणून डोळे चालले. आपण डोळे देऊन मुलाची ठेव राखली, या एका समजुतीवर त्या उभ्या होत्या. ती काढून घ्यायचं धाडस मला झालं नाही.

वर्षभरात दिसायचं बंद झालं. पुढे मघा चांगल्या बरसल्या, पण बरणी त्यांनी भरली नाही. "आता कोन्या डोळ्यासाठी?" एवढंच म्हणाल्या. ड्रम मात्र भरून घ्यायच्या.

नव्वदच्या दिवाळीआधी उद्धवचा निरोप आला, बायको-लेकीला घेऊन येतो म्हणून. वच्छलाबाईंनी मला शपथ घातली. "बरनीचं त्याले सांगू नोका. जीवाले लावून घेईन."

तो आला. मायने हातांनी चाचपून त्याचं तोंड पाहिलं, तेव्हा तो ढसाढसा रडला. खोटं कशाला बोलू, माझाही राग निवळला. मग त्याचं लक्ष डब्यांकडे गेलं. एकही मेला नव्हता, उलट दुप्पट झाले होते.

"मले वाटलं, तू कवाच फेकले असशीन," तो म्हणाला. बाईंचा चेहरा फुलून आला. तेवढ्यात तो बायकोकडे वळला. "लय चिवट जात हाये ही. आख्खा उनाळा पानी नाई भेटलं तरी मरत नाई."

वच्छलाबाई पदराचा काठ बोटांत फिरवत राहिल्या.

पाणी प्यायला तो आत गेला आणि बरणी हातात घेऊन बाहेर आला. आत कोळ्याने जाळं केलं होतं.

"माय, मघेचं पानी धरलं नाई तू?" त्याचा आवाज चढला. "डोळ्यात घालाचं सोडून देलं काय? मंग डोळे जातीन नाईतर काय होईन? येवढं बी नाई झालं तुह्याच्यानं?"

तो मायेपोटीच रागावला होता, हे कळत होतं. तरी मी ताडकन उठले. ते पाणी कुठे गेलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आणि ते सांगितलं असतं, तर त्याला सावरायला डॉक्टरांचं बोलणंही सांगावं लागलं असतं, तेही बाईंच्या देखत. पण वच्छलाबाईंनी माझं मनगट आधीच पकडलं होतं, नखं रुतेपर्यंत.

"आळस केला बाबू," त्या म्हणाल्या. "चुकलंच माहं."