मैत्रिणीसाठी बांधलेली पेटी

काकूंच्या अंबाड्यात फूल कधी नसायचं, स्क्रूड्रायव्हर असायचा. बोलता बोलता मागे हात नेऊन तो उपसायच्या आणि म्हणायच्या, "उघडून तर बघू!" मग समोर मिक्सर असो की शेजाऱ्याचा नवाकोरा टीव्ही, आपण फक्त बाजूला व्हायचं.

बाग सेवनिया वस्तीत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. सरकारी कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्या निवृत्त झाल्यापासून बिल्डिंगमधली सगळी यंत्रं जरा धास्तावूनच असत.

त्यांच्या मुलाने परदेशातून एक लॅपटॉप पाठवला. त्याचा प्रत्येक भाग सुटा होतो. बिघडेल तेवढाच बदलायचा. असली वस्तू काकूंच्या हाती देणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर बॅटरी एकीकडे, बोर्ड दुसरीकडे. नेमका मुलाचा फोन आला.

"आई, लॅपटॉप कसा आहे?"

"अगदी मोकळा झालाय रे!"

मी तोंड दाबून स्वयंपाकघरात पळालो.

पण हा नुसता खोडसाळपणा नव्हता. त्यांची कारखान्यातली मैत्रीण, सुलभाताई, नेहरू नगरात अंथरुणाला खिळली होती. नजरही अधू झालेली. नातीचं लग्न कॅनडात, पंधरा दिवसांवर. "मोबाइलवर मुंगीएवढी दिसते गं ती," असं म्हणून त्या रडल्या होत्या. काकूंनी तिथल्या तिथे शब्द दिला, "तू उठू नकोस. मीच मांडव घेऊन येते."

अशोका गार्डन भागातल्या सुताराकडून प्लायवूडची पेटी आली. पुढे मोठा, पातळ, बॅटरीवरही चालणारा मॉनिटर आणि छोटा कॅमेरा. मागे लॅपटॉपचा बोर्ड आणि बॅटरी. वर उचलायला माझ्या सूटकेसची मूठ. ती काढताना मला विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पडदा काळाच. काकूंनी तासभर सगळे स्क्रू काढले, परत लावले. मग हळूच म्हणाल्या, "सुलभाला काय सांगू रे?" शेवटी आत एक केबल नीट बसली नसल्याचं सापडलं, आणि त्यांनी मलाच झापलं, "तुला दिसली नाही होय?"

लग्नाच्या दिवशी ऑटोवाल्याने पेटीकडे बघत विचारलं, "अम्मा, सिलाई मशीन है?"

"हां भैया, शादी सिलने जा रहे हैं!"

सुलभाताईंकडे वीज गेलेली. पेटी बॅटरीवर सुरू झाली, माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं, आणि शालू नेसलेली नात पडदाभर उजळली. आवाज मात्र येईना. स्पीकर काकूंच्या टेबलावरच राहिला होता!

काकू कसल्या डगमगतात? "अंतरपाट धरलाय बघ. नवरदेव वरून डोकावतोय, लबाड! भटजींचं लक्ष घड्याळात." सुलभाताई हसता हसता रडू लागल्या. मग हात लांबवून त्यांनी नातीच्या गालावरून बोटं फिरवली. पडद्याला कुणी हात लावला की कडाडणाऱ्या काकूंनी त्या दिवशी पेटीच आणखी जवळ सरकवली.

पेटी त्यांनी परत आणलीच नाही. सुट्टीत मुलगा आला. "आई, लॅपटॉप कुठाय?"

"नेहरू नगरला राहायला गेला."

जाताना मुलगा काकूंनाच सोबत घेऊन गेला. वरचा मजला आता शांत असतो. आमचा मिक्सर बिघडला, तर दुकानात न्यावा लागला.

परवा सुलभाताईंकडे गेलो, तेव्हा पेटीवर काकू दिसत होत्या, आता आवाजासकट.

"किती जाड झालीस गं!" सुलभाताई म्हणाल्या.

"जाड कुठली? पडदा मोठा आहे!"

दोघी खदखदून हसल्या. आणि पडद्यावरच्या काकूंचा हात सवयीने अंबाड्यातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला.