खालच्या कप्प्यातल्या पाच डिश

चेतापेशी बोलतात, असं आमच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना सांगायची पद्धत होती. बोलत वगैरे काही नाहीत. काचेच्या लहानशा डिशच्या तळाला साठ इलेक्ट्रोड बसवलेले असतात, एकेक केसापेक्षा बारीक. त्यांच्यावर उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतून काढलेल्या पेशी वाढवायच्या. तीनेक आठवड्यांत त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि विजेचे बारीक ठोके देऊ लागतात. स्क्रीनवर साठ चौकोन, प्रत्येकात एक रेघ. ठोका पडला की रेघ उडते. इतकंच.

मी तिथं कंत्राटी प्रकल्प सहायक होते. दिवसा पेशी, संध्याकाळी संघटना. संघटना आम्हा कंत्राटी लोकांची. नारायण पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसायचो. पत्रकं मी लिहायचे. पत्रकाला एक दोषी लागतो आणि तो पहिल्या चार ओळींत सापडावा लागतो, हे मी तिथं शिकले. मला ते जमायचं.

ज्या ताईच्या हाताखाली मी काम करायचे, तिचं पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची, डबा खायची, फारसं बोलायची नाही. एक औषध पेशींवर घातलं की त्यांचे ठोके कसे बदलतात, हा तिचा विषय. शेवटची मुदतवाढ मिळालेली होती आणि ती महिनाअखेरीस संपत होती. पेशी उबेत ठेवायच्या कपाटात, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, तिच्या नऊ डिश होत्या. वरच्या कप्प्यात चार, तयार. खालच्या कप्प्यात पाच, आठवडाभर मागे. या नवांतून जे निघेल त्यावर शेवटचं प्रकरण. नाही निघालं तर नोंदणी रद्द. पुन्हा पेशी लावून तीन आठवडे थांबायला तारीखच उरलेली नव्हती.

पेशी ज्या पोषक द्रवात राहतात त्याला मीडियम म्हणतात. ते आठवड्यातून दोनदा बदलायचं, पण निम्मंच. निम्मं जुनं ठेवायचं, कारण पेशींनी स्वतः सोडलेलं बरंच काही त्यात असतं. नवं मीडियम आधी कोमट करायचं. डिश किंचित तिरकी धरून, कडेनं, सावकाश. एका डिशला पाच-सात मिनिटं. हे काम माझं.

त्या शनिवारी दुपारी संघटनेची बैठक होती आणि मला उशीर झाला होता. मी वरच्या चारही डिशमधलं सगळं मीडियम ओढून घेतलं आणि फ्रिजमधलं थंड तसंच ओतलं. दहा मिनिटांत चारही झाल्या. काही होणार नाही, असं वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नाही. मी ॲप्रन काढून निघाले.

सोमवारी ताईनं पहिली डिश मशीनवर ठेवली. साठ चौकोन, साठ सरळ रेघा. दुसरी, तिसरी, चौथी. मधूनच कुठे एखादी रेघ थरथरली, तीही ट्यूबलाइटमुळे. तिनं ट्यूब बंद केली. तीही थांबली.

ती म्हणाली, "शनिवारी तू होतीस ना? मीडियमचा रंग कसा होता?"

या प्रश्नाचा अर्थ मला माहीत होता. मीडियम नारिंगी-लालसर असतं. इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड संपला की ते गुलाबी होतं, जांभळ्याकडे जातं. आणि सिलिंडर संपत आलेलाच होता. काटा लाल पट्ट्यात होता, नव्या सिलिंडरचा अर्ज नऊ दिवस स्टोअरमध्ये पडून होता, गॅसचा अलार्म वर्षभर बंद होता. हे सगळं खरं होतं.

"गुलाबी," मी म्हणाले.

गॅसचं रीडिंग खाली गेलं होतं, व्हॉल्व्ह फिरवल्यावर परत आलं, असं पुढचंही सांगितलं. तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं तिनं विचारलं. बैठक होती, म्हणाले. तेवढं एक खरं होतं. तिनं वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. तासाभरात झालं. सिलिंडर संपतो, पेशी मरतात, सहा वर्षांची मेहनत मातीत जाते आणि अर्ज मात्र तीन सह्यांची वाट पाहत पडून राहतो, जबाबदार कोण? मंगळवारी सकाळी ते कॅन्टीनच्या भिंतीवर होतं आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर. संघटनेत सगळे म्हणाले, आजवरचं सर्वांत चांगलं. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. कुणीतरी समोसे आणले, ते खाल्ले.

बुधवारी ऑफिसनं स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना वर बोलावून लेखी खुलासा मागितला. काका खडकीहून स्कूटरवर यायचे, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. तीन सह्यांचा नियम त्यांनी केलेला नव्हता. नियम करणाऱ्यांचं नाव पत्रकात नव्हतं; विसरले म्हणून नव्हे, मी स्टोअरचं घातलं होतं. काका सोपे होते. खिडकीत बसलेले असायचे.

गुरुवारी सकाळी मी आले तेव्हा ताईनं खालच्या पाचही डिश काढून टेबलावर मांडल्या होत्या. शेजारी ब्लीचची बाटली. गॅस गेलेल्या इन्क्युबेटरमधलं एकही रीडिंग धरता येणार नाही, असं तिच्या गाइडनं सांगितलं होतं. पेशी जिवंत असल्या तरी नाही. तिलाही ते पटलेलं होतं. तिनं हातमोजे घातले, पहिल्या डिशचं झाकण काढलं आणि मला म्हणाली, "नोंद कर. पाच, टाकून दिल्या."

मी पेन उचललं. तारीख लिहिली. आतून काही जोरात वर आलं असं झालं नाही. भीती वाटली नाही, दया आली नाही. फक्त पुढचा शब्द लिहिता येईना.

"रंग बदलला नव्हता," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "काय?"

"नारिंगीच होता. गॅस गेलाच नव्हता. मी त्या चार डिशचं सगळं मीडियम काढलं आणि थंड घातलं."

"या पाचांना हात लावलास?"

"नाही."

"नक्की? का हेही पत्रकातलं?"

"नाही लावला. त्यांची पाळी नव्हती."

तिनं झाकण परत लावलं. पाचही डिश एकेक करून आत ठेवल्या, इन्क्युबेटरचं दार बंद केलं, हातमोजे काढले. मग म्हणाली, "खरं सांगायला चार दिवस. पत्रकाला किती लागले होते?"

"एक तास."

"वेग आहे तुला."

पत्रकातलं बाकी सगळं खरं आहे, असं मी म्हणाले. अर्ज, सह्या, अलार्म. ती म्हणाली, असेल. तिनं वही माझ्याकडे सरकवली आणि मी शनिवारी काय केलं ते माझ्याकडून ओळीनं लिहून घेतलं. खाली माझी सही, तिची सही.

दुपारी गाइडशी बोलून तिनं त्या पाचातली एक डिश मशीनवर ठेवली. मला बाहेर जा म्हणाली नाही, म्हणून मी थांबले. आधी सरळ रेघा. मग एका कोपऱ्यात एक उडाली, तिच्या शेजारची, आणि एकदम सगळा पडदा. ताईनं घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली. मी पडद्याकडे बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता, हे मला कळत होतं.

संघटनेला फोन केला. पत्रक मागे घ्यायचं नाही, असं ठरलं. मागणी बरोबर आहे, एका डिशवरून आंदोलन सोडायचं का, असं सगळ्यांचं मत. डिश चार होत्या, मी म्हणाले. मागणी बरोबर आहे, हे मलाही मान्य होतं. आजही आहे. तीन सह्यांशिवाय गॅस न देणारी संस्था अजून तशीच चालते आणि त्याची चीड मला अजून येते. त्या दिवशी मात्र आली नाही.

मग मी एक कागद घेतला, सिलिंडर संपलेला नव्हता, चूक माझी होती, एवढं लिहिलं आणि स्टोअरच्या खिडकीत दिला. काकांनी चष्मा चढवून दोनदा वाचला. मला वाटलं, बोलतील. निदान एक टोमणा तरी.

"हे आपण स्वतःहून देताय, का कुणी द्यायला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"स्वतःहून."

त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "मग तसं खाली लिहा. आणि दोन प्रती द्या. एक वर जाईल, एक माझ्याकडे राहील."

मी खिडकीपाशी उभ्यानंच दोन्ही लिहून दिल्या.