सुपातला कोंडा

इब्रामपुरात चंद्रावतीबाईंना भित्री म्हणायची कुणाची छाती नव्हती. गवताच्या गंजीतून फुरसं निघालं की शेजारची धडधाकट माणसं अंगणभर नाचायची, आणि या बाई कोयत्याच्या पाठीने त्याचा निकाल लावून पुन्हा भारा बांधायला बसायच्या. पण कुणी मये गावाचं नाव काढलं की त्यांचे हात जागच्या जागी थांबत. मये म्हणजे डिचोलीजवळचं, तळ्याकाठचं साधं गाव. तिथे भात पिकतं, पोरं शाळेत जातात, सगळं चार गावांसारखंच. बाईंना मात्र त्या नावाने कापरं भरायचं.

ही भीती त्यांना सासूकडून मिळाली होती. हौसाबाईंकडे सुनेला द्यायला सोनंनाणं नव्हतं, तेव्हा त्यांनी ही दिली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, चुलीपुढे भाकऱ्या थापता थापता त्यांनी सांगितलं की जयराम माझ्या पोटचा नव्हे. मयेच्या एका घरात पोरं जगत नव्हती. अशा घराची एक जुनी रीत होती. तान्हं पोर उंबऱ्याबाहेर परक्या बाईला सूपभर कोंड्यावर विकायचं, म्हणजे मरणाला वाटतं हे पोर या घरचं नव्हेच. पुढे आई तोच कोंडा परत देऊन पोर घरी आणते. हौसाबाई त्या वर्षी तिकडे कापणीला गेल्या होत्या. त्यांनी कोंडा दिला, पोर घेतलं.

"आनी आवय परत घेवंक येवंक ना?" नव्या सुनेने विचारलं.

"ना," सासू म्हणाली. "तिणें कायमचो दिलो. तें मरण अजून थंयच्या उंबऱ्यार बसून आसा. ह्यान वा ह्याच्या रगताच्या माणसान तो उंबरो ओलांडलो, की तें वळखतलें."

झालं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्या दिवसापासून चंद्रावतीबाईंच्या पाठीस लागला.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या साली जयरामना डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचं काम लागलं. गावात कोकणी की मराठी यावर सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि जयराम मात्र नव्या खाकी शर्टात हवेत तरंगत होते. आठवडा झाला नसेल, उतारावर ट्रक कलंडला. हात गळ्यात बांधून नवरा घरी आलेला पाहिला आणि बाईंनी ओळखलं. मरणाने वास काढला, दुसरं काय? त्यांनी अन्नपाणी सोडलं, रडून घर डोक्यावर घेतलं, शेवटी जयरामनी शर्ट खुंटीला लावला आणि जन्मभर काजूच्या बागेत राबले. वाटेने ट्रक गेला की मान वळवून बघत राहायचे. बाईंना ते दिसायचं आणि आत कुठेतरी टोचायचंही. पण माणूस जिवंत आहे ना, एवढंच त्या मनाला सांगत. जयराम म्हातारे होऊन, स्वतःच्या अंथरुणात गेले, तेव्हा रडता रडताही बाईंना वाटलं की आपण जिंकलो.

मग एके दिवशी नातू स्वप्नील पडवीत बसून प्लास्टिकच्या नळीत थुंकताना दिसला.

"किदें रे जालें तुका?" त्यांना वाटलं, पोराला क्षय झाला.

"आज्ये, ही थुंकी तपासूंक धाडतां. आजो खंयच्या घरचो, तें कळटलें."

बाईंनी हातातली कळशी खाली ठेवली. "नदीचें मूळ आनी ऋषीचें कूळ सोदूं नये, बाबा."

"आमचो आजो खंय ऋषी आशिल्लो?" पोरगा हसला. त्याला एवढंच हवं होतं की आजोबा कुणाचे हे कुणीतरी सांगावं. आपण हौसाबाईंच्या पोटचे नाही, हे आजोबांच्या कानावर आलं होतं; मग कुणाचे, हा प्रश्न त्यांनी मरेपर्यंत फक्त नातवापाशी काढला.

महिने गेले. बाई रोज देवापुढे एकच मागत, ती थुंकी वाटेत हरवू दे. ती हरवली नाही. मयेच्या प्रवीण नावाच्या तरुणानेही हौसेने तशीच तपासणी केली होती, आणि दोघांचं रक्त जुळलं. हिशेब लावला तर प्रवीणची आजी आणि स्वप्नीलचा आजोबा भावंडं निघत होती. स्वप्नीलने डिचोलीच्या कचेरीतून जुना पोर्तुगीज उतारा काढून एका म्हाताऱ्या वकिलाकडून वाचून घेतला. त्या घरात सरस्वती नावाच्या बाईला मुलगा झाल्याची नोंद होती, साल जमत होतं. त्या मुलाच्या मृत्यूची नोंद कुठेच नव्हती.

"आयतारा वतां हांव मयेंक," स्वप्नील म्हणाला.

बाईंनी रागावून पाहिलं, शपथ घातली, जेवण टाकलं. पण जयरामवर चाललेलं हत्यार नातवावर चालेना. तेव्हा त्या स्वतःच गाडीत जाऊन बसल्या. पोर उंबऱ्याशी पोचलं की त्याचा शर्ट धरायचा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. वाटभर त्यांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरून ठेवलं होतं. डिचोलीजवळ लाल धुळीने माखलेली झाडं दिसली तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले.

घर साधंच निघालं. अंगणात तुळस, दारात चपला. बाई गाडीतून उतरून पदर सावरेपर्यंत स्वप्नील प्रवीणच्या गळ्यात हात टाकून उंबरा ओलांडून आतही गेला होता. त्या अंगणातच उभ्या राहिल्या आणि पोराच्या पाठीकडे बघत राहिल्या, आता पडतो की मग पडतो.

पोरगा पडला नाही. आतून त्याचं हसू ऐकू आलं, आणि दारात एक म्हातारी आली. बाईंनी तिचा चेहरा पाहिला. जयरामचंच नाक, जयरामचीच हनुवटी. ती प्रवीणची आजी भाग्यलक्ष्मी, जयरामची पाठची बहीण. नवऱ्याला घरजावई करून ती याच घरात राहिली होती.

"वयनी, भायर कित्याक रावलात? भितर येवा."

बाईंनी मान हलवली. उंबऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी तुटक तुटक सासूचं सगळं बोलणं सांगितलं. भाग्यलक्ष्मी ऐकत राहिली, मग तीच बाहेर येऊन उभी राहिली.

"कायमचो दिलो?" ती म्हणाली. "आई कोंड्याचें सूप माथ्यार घेवन इब्रामपुराक चलत गेल्ली, भुरगें परत हाडूंक. तुमच्या सासून दारांतच सांगलें, भुरगें गेलें."

चंद्रावतीबाई दाराजवळच्या खांबाला टेकल्या.

"आई म्हणाली, मगे तुजो कोंडो तूं घे. भुरगें मेलें जाल्यार तें विकत घेतल्ल्या बायलेन आपलो कोंडो परत घरा व्हरपाचो, अशी रीत. तर ती बायल सुपाक हात लायना. म्हणाली, फाल्यां येवन व्हरतां. आई थंयच समजली. मेल्ल्याचो कोंडो कोणूय व्हरता. जित्याचो व्हरूंक हात धजना."

"मगे झगडली कित्याक ना?"

"भियेली. आमगेर एकूय जगूंक नाशिल्लें. थंय तो जितो आशिल्लो. हांगा हाडलो आनी मेलो जाल्यार?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्या उंबऱ्यावर कुणीच बसलेलं नव्हतं. हौसाबाई पोर जाईल म्हणून भ्याल्या, सरस्वतीबाई पोर मरेल म्हणून भ्याल्या, आणि त्या दोघींच्या भीतीपायी जयरामचा खाकी शर्ट खुंटीवर कुजला. तो तिथे कुणी लावायला लावला होता, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

भाग्यलक्ष्मी आत जाऊन फळीवरचं ते कोंड्याचं सूप घेऊन आली. जुना कोंडा किडला की आई नवा भरायची, आईमागे ती भरत आली. तिने सूप उंबऱ्यावरून पुढे धरलं.

"भाव गेलो म्हूण प्रवीणान सांगलें. वयनी, आतां व्हरा तुमचो कोंडो. सुटूं दी आईक."

रीत सरळ होती. बाईंनी स्वतः नवऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं होतं, बांगड्या फोडल्या होत्या. आता नुसतं सूप धरायचं होतं. त्यांनी हात पुढे केले. सुपाच्या काठापाशी ते थांबले आणि मागे आले.

"फाल्यां येवन व्हरतां, बाय," त्या म्हणाल्या. उद्या येऊन नेते, हे सासूचेच शब्द त्यांच्या तोंडी आले.

भाग्यलक्ष्मीचे डोळे भरले. मग तिने सूप पुन्हा फळीवर नेऊन ठेवलं, आणि उंबऱ्यावरून हात पुढे करून वहिनीला आत घेतलं.