एका परातीत

गेल्या थंडीत माझे यजमान गेले आणि माझं जेवण सुटलं. ठरवून नाही, एकटीपुरता कुकर लावायचं जिवावर यायचं. ओट्याशी उभ्या उभ्या टोस्ट चघळायचा आणि दिवस ढकलायचा. दूर प्लेनो शहरात राहणारी मुलगी फोनवर कळवळायची, "आई, प्लीज, नीट जेव ना! वेट किती लूज केलंयस!" सल्ल्याने पोट भरत असतं तर मी एव्हाना ढोल झाले असते.

इथे परदेशात, ट्रॉय गावात माझ्या शेजारी सेनेगलची एक बाई राहते. पन्नाशीची असेल, बायकांच्या वेण्या घालून द्यायचं दुकान चालवते. एका रविवारी ती बेल वाजवून सरळ आत आली. हातात भली मोठी परात. लालसर भात, वर मासे, गाजर, कोबी. "आंटी, तुमच्या फोडणीचा वास बंद झालाय," म्हणाली आणि हॉलमध्ये चादर अंथरून बसली.

मी दोन ताटल्या आणल्या. ती चमकली. "वेगळं ताट? आपलं भांडण झालंय का?"

त्यांच्याकडे सगळं घर एका परातीत जेवतं. मी मालवणची, मासा म्हणजे जीव की प्राण. पण उष्ट्या-खरकट्याचे धडे आईने धपाटे घालून दिलेले. बसले खरी, पण अंग चोरूनच. मग कळलं, त्यांची शिस्त आमच्याहून कडक. ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलंच खायचं, दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. मधला मासा घरच्या बाईने मोडायचा आणि सगळ्यांना वाटायचा.

काटे काढून ती तुकडे माझ्याकडे सरकवत राहिली. भावाबद्दल बोलत होती. त्याची होडी आहे, पण मोठी परदेशी जहाजं समुद्र खरवडून नेतात आणि तो रिकामं जाळं घेऊन परततो. "आमच्या मालवणात तरी वेगळं काय आहे?" मी म्हटलं. बोलता बोलता माझ्या पुढ्यातला भात संपला. तिने आपल्याकडचा लोटला. तोही खाल्ला, आणि मग पोटभर रडले. तिने मला जेवायला बसवलं, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

परवा तिकडे सेनेगलमध्ये तिची आई वारली. तिला जाता आलं नाही. आमच्याकडे दुखवट्याच्या घरी शेजारी पिठलं-भात नेतात, तसा मी नेला, तिच्यासारखाच परातीत. ताटली एकही नेली नाही. ती खाली बसली, पण तिचा हात परातीकडे जाईना.

पिठल्यात काढायला काटे नसतात. मी नुसतंच माझ्याकडचं तिच्या पुढ्यात सरकवत राहिले, तिने पहिला घास घेईपर्यंत.