नाडी धरणारे मामा

बाळांनो, आमच्या थोरल्या मामांच्या हातून निजामाच्या मुलखात कुणी सुटला असेल, तर ज्याला मनगटच नव्हतं तोच! मामा माजलगावच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. उमेदीची वर्षं त्यांनी रंगूनच्या इस्पितळात काढली आणि तिथल्या एका भिक्खूकडून डोळे मिटून श्वासाकडे बघत बसायला शिकून आले. इकडे त्यांना मिशनचा गोरा पाद्री भेटला, तासन्‌तास मुक्यानं प्रार्थना करणारा. झालं! पहाटे मामा भिक्खूसारखे बसत, संध्याकाळी पाद्र्याशेजारी गुडघे टेकत, आणि दोन्हीकडे घड्याळ काढून नाडी मोजत. "श्वासाकडे बघा नाहीतर येशूला आठवा, नाडी सारखीच शांत होते. हे विलायतेच्या शास्त्रज्ञांना कळायला हवं," म्हणत. त्यावर निबंध पाठवायचा, हाच त्यांचा ध्यास. एकदा ऐन प्रार्थनेत त्यांनी पाद्र्याच्या छातीला नळी लावली. डोळे न उघडता पाद्री म्हणाला, "डॉक्टर, मला देवाशी जरा एकट्याला बोलू द्या."

दवाखान्यात आलेल्यांनाही ते डोळे मिटून बसवत. पण आपल्याकडे वैद्यानं नाडी धरली की माणूस अदबीनं श्वासच रोखतो. एक पाटील तर पार लालबुंद झाले. "अहो पाटील, श्वास घ्या!" मामा ओरडले. "तुमी हात सोडा, मग घेतो की!"

मामीला दमा होता. "तुमच्या भिक्खूला म्हणावं, माझा बी श्वास बघ की जरा," असा टोमणा ती मारायची. एका दुपारी ओसरीवर तिचा दमा असा उसळला की औषधानंही उतरेना. मामांनी सवयीनं घड्याळ काढलं, मनगट धरलं, आणि मामीनं होता नव्हता तोही श्वास रोखला! मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हात सोडला, घड्याळ खिशात टाकलं आणि तिच्या शेजारी बसले. समोर माझी आजी, म्हणजे तिची सासू. सासूपुढं नवऱ्याला लागून कसं बसायचं, म्हणून मामी तशातही उठू लागली.

"बस गं पोरी, म्या न्हाई बघत," म्हणत आजी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मामा नुसता सावकाश श्वास सोडत राहिले. हळूहळू मामीचा श्वासही त्यांच्या सोबतीनं चालू लागला.

संध्याकाळी घरी आलेल्या पाद्र्यानं सगळा प्रकार ऐकून उत्सुकतेनं विचारलं, "नाडी किती भरली?"

"मोजली नाही. ती आत चहा करतेय."

तो निबंध विलायतेला कधी गेलाच नाही. मामांच्या मागं मामी बरीच वर्षं होती. दम लागला की ओसरीवर येऊन बसायची, शेजारी एका माणसाची जागा सोडून.