खाडीवरून नेलेली लिंक

बांद्यापर्यंत इंटरनेटची फायबर केबल आली तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडून घरी परतलो होतो. वडिलांचं बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते चालेनासं झालं होतं. त्याच गाळ्यात मी इंटरनेटचा धंदा सुरू केला. फायबर पुढच्या खेड्यांत जाणार नव्हती. तिथे मी तारेशिवाय नेट पोचवायचं ठरवलं, म्हणजे इथल्या टेकडीवर एक डिश, तिथल्या छपरावर दुसरी आणि दोन्हींना एकमेकांशी बोलणाऱ्या पेट्या. या पेट्यांनाही धंद्यात रेडिओच म्हणतात. वडिलांना याची मोठी गंमत वाटे.

खाडीपलीकडच्या आरोंदा गावाची लिंक टाकायची होती तेव्हा माझ्यापुढे दोन मार्ग होते. एक सरळ खाडीवरून, मोठ्या डिशची एकच जोडी लावून. दुसरा गावामागच्या टेकडीवर वळसा घालून, छोट्या रेडिओंच्या दोन जोड्या लावून. सामान मी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून घेत असे. तिथल्या इंजिनियर बाईंनी फोनवर मला विचारलं होतं, "मधे पाणी किती आहे?"

"बरंच आहे. पण दोन्ही टोकं स्वच्छ दिसतात."

"दिसण्याचं सोडा. पाण्यावर आपटून रेडिओची लहर परततेही. जमलं तर टेकडीवरून न्या. नाहीतर प्रत्येक टोकाला दोन डिश, वेगवेगळ्या उंचीवर लावा."

मी "बघतो" म्हटलं. टेकडीची जमीन सामाईक होती. सात-आठ हिस्सेदार, निम्मे मुंबईला. प्रत्येकाला फोन करा, पटवा, सह्या घ्या, याचा मला कंटाळा होता. शिवाय मोठी डिश मला आवडली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी सरळ मार्ग घेतला. जोडणी केली त्या दिवशी सिग्नल इतका उत्तम आला की मी त्या आकड्याचा फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. त्या वेळी खाडीला ओहोटी होती, पण ते मी लक्षातही घेतलं नाही.

आरोंद्यातलं माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आबा. पूर्वी ते होडीने लोकांना खाडीपलीकडे सोडत. पूल झाला नि ते काम संपलं. बायको वारलेली, एकुलती मुलगी मस्कतला नर्स. त्यांच्या वाडीत मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून मुलीने आग्रहाने नेट घ्यायला लावलं होतं. इथले दुपारचे बारा वाजले की तिला तिथे मधली सुट्टी मिळे आणि ती व्हिडिओ कॉल करी. आबा अकरापासूनच धुतलेला सदरा घालून बसत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मलाही फोनसमोर ओढलं आणि तिला सांगितलं, "ह्येणाच जोडून दिल्यान."

महिन्याभरात त्यांची तक्रार आली. बोलता बोलता तिचं तोंड थिजतं नि फोन जातो. मी चार वाजता गेलो. सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्यांना माझ्या फोनवर वेग काढून दाखवला आणि म्हटलं, "आपल्या बाजून कायच नाय, आबा. तिच्याकडेच कायतरी आसतला."

मला तसं वाटत होतं का? अर्धवट. तसं म्हणणं सोयीचं होतं, एवढं खरं.

पुढच्या वेळी ते मला पोस्टाजवळच्या चहाच्या दुकानात भेटले. तिथे चार-पाच माणसं बसली होती. आबा म्हणाले, "मी बघलंय रे. भरती भरली की तुजा नेट जाता. अमाश्या-पुनवेक दुपारचा पक्का."

मी हसलो. म्हणालो, "आबा, नेट म्हणजे काय होडी, भरती-ओहोटी बघूक? तुमी खाडी बघा, नेट माका बघू दे."

सगळे हसले. आबाही थोडं हसले आणि कपातल्या चहाकडे बघत राहिले. त्यानंतर भरतीचा विषय त्यांनी माझ्याजवळ कधी काढला नाही.

फोन मात्र तुटत राहिले. त्या दिवसांत आबा मुलीच्या लग्नाच्या मागे होते, नि ती टाळत होती. दोन-तीनदा असं झालं की त्यांनी स्थळाचं नाव घेतलं आणि फोन बंद पडला. त्यांनी त्याचा अर्थ लावला. एकदा वसुलीला गेलो तेव्हा ते मला म्हणाले, "लग्नाचा काढला की फोन बंद करता ती. तूच सांगलंस मा, तिच्याकडेच कायतरी आसा." मी मान हलवली आणि निघालो. पुढे कळलं की त्यांनी तिला खूप लागेल असं बोलून घेतलं आणि तिचा फोन उचलणंच बंद केलं.

खरं काय ते मला जवळजवळ वर्षाने समजलं. अमावास्येच्या दिवशी मी दुसऱ्या कामासाठी आरोंद्यातल्या, आमची डिश बसवलेल्या छपरावर चढलो होतो. दुपारची वेळ. खाली खाडी भरत होती, काठच्या खारफुटीचे फक्त शेंडे वर उरले होते. सहज म्हणून मी सिग्नल बघितला. तो उतरत होता. पाणी चढलं तसा आणखी उतरला, आणि मग लिंक तुटली. तासाभराने पाणी ओसरू लागलं तशी परत जुळली. मी मागच्या नोंदी काढल्या. दर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, दुपारी, सिग्नलमध्ये तसाच खड्डा. पाण्यावरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीला मारत होती, पाणी एका ठराविक उंचीला आलं की. बाईंनी सांगितलेलं तेच. आबांनी सांगितलेलंही तेच.

मी हिस्सेदारांना फोन लावले. ज्याचा मला इतका कंटाळा होता ते काम महिन्याभरात झालं. टेकडीवर खांब उभा राहिला, छोटे रेडिओ बसले, भरती येवो की जावो, नेट हललं नाही. लोकांना मी सांगितलं, "नवीन मशीन लावलंय." आबांना काहीच सांगितलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. गावभर झालं तर काय, असंही वाटे.

तीन महिन्यांनी त्यांनीच मला बोलावलं. म्हणाले, "ही पेटी काढ आणि घेवन जा. माका आता कोणाचो फोन येणा नाय."

तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग विचारलं, "तुका कधी गावला ह्या?"

"चार म्हयने झाले."

ते ओट्याच्या पायरीवर टेकले. नंतर म्हणाले, "लेकीपेक्षा तुज्यार विश्वास ठेवलंय मी. शिकलेलो म्हणान." मग आतून फोन आणून माझ्या हातात दिला. "तूच सांग तिका."

मी फोन लावला. तिने उचलला आणि माझा चेहरा बघून घाबरली. तिला वाटलं, वडिलांचं काही बरंवाईट झालं. मी घाईघाईने सांगून टाकलं. ती शांतपणे विचारत गेली.

"बाबांनी भरतीचं तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"मग?"

मी म्हणालो, माझी चूक झाली. ती म्हणाली, "त्यांना द्या फोन." मी दिला आणि बाहेर आलो. आत दोघं बोलत होती, मधे बराच वेळ कोणाचाच आवाज येत नव्हता. फोन तुटला नव्हता.

निघताना आबा दारापर्यंत आले. त्यांच्याकडून कळलं, तिने दोनच महिन्यांपूर्वी तिथल्या नोकरीचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला होता, घरी बोलावणारं कोणी नाही असं समजून. आबा म्हणाले, "कळला तेव्हाच सांगला असतंस तर चवथीच्या गणपतीक घरी इली असती."

रागावून म्हणाले नाहीत. गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाले. पेटी मी काढली नाही. दोघं आता बोलतात, पण रोज नाही, शुक्रवारी तिला सुट्टी असते तेव्हा. त्यांच्या वाडीत काम निघालं की मी दुसऱ्या माणसाला पाठवतो. तिची दोन वर्षं संपायला अजून अवकाश आहे.