मायचं शुद्धलेखन

सोय करून देतो म्हणणाऱ्या माणसाची मंजुषानं आता धास्तीच घेतली आहे. तिचा मोठा भाऊ धनंजय दिवाळीला पुण्याहून सावंगीला आला, त्यानं बहिणीची सोय करून दिली, आणि त्या सोयीपायी घरात जे झालं त्यानं तिचं डोकं अजून थाऱ्यावर नाही.

मंजुषा सावंगीत मेस चालवते. मेडिकलची पोरं जेवून गेली, भांडी आवरली की ती संगणकापुढे बसते. संगणक जुनाट, पण त्यातला ब्राउझर तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलेला. चष्मा न शोधता दिसावीत म्हणून अक्षरं मोठी केलेली. ब्लॉगच्या पानावरची जी बटणं कधी लागत नाहीत ती एका एक्स्टेंशननं झाकून टाकलेली. ओट्यावर आपण रोजचेच डबे ठेवतो, तसं. दोन अक्षरं मारली की 'करून राह्यली' आपोआप उमटायचं. आणि शब्दकोशाला तर तिनं शिकवून शहाणं केलं होतं. 'का'ऐवजी 'काऊन' लिहिलं की तो खाली लाल रेघ ओढायचा. ती त्यावर उजवं बटण दाबून 'शब्दकोशात जोडा' म्हणायची. मले, तुले, गेलतो, माह्या, असं करत करत त्याची कुरकुर तिनं बंद पाडली होती.

हा सगळा खटाटोप आईसाठी. आनंदाबाई रोहण्याला राहायच्या तेव्हा रोज फोनवर बोलायच्या, आणि मंजुषा ते बोलणं जसंच्या तसं ब्लॉगवर उतरवायची. शेजारणीची भांडणं, वासराचं दुखणं, कुणाच्या लग्नात वरण कसं करपलं, सगळं. मग अर्धांगाचा झटका आला आणि आनंदाबाईंची वाचा गेली. ऐकू येतं, कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मंजुषानं त्यांना आपल्याकडे आणलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती एक जुना लेख उघडते, ब्राउझरचं वाचून दाखवायचं बटण दाबते, आणि आनंदाबाई खाटेवर पडून आपलंच बोलणं ऐकतात. त्या बाईजवळ तेवढंच उरलं होतं.

धनंजय पुण्यात संगणकाच्याच कंपनीत आहे. ब्राउझर फार हळू चालतो म्हणून त्यानं तो न विचारता मुळापासून रीसेट केला. एक्स्टेंशन गेलं, शब्दकोश गेला. एवढ्यावर थांबला असता तर मंजुषानं गिळून घेतलं असतं. पण मग आईच्या लेखांखाली लाल रेघाच रेघा दिसायला लागल्या आणि साहेबांना लाज वाटली. त्यानं सगळे लेख एका फाईलमध्ये उतरवले, 'ले' दिसेल तिथं 'ला' कर असं सांगितलं आणि बटण दाबलं. मलेचं मला, तुलेचं तुला. जुने लेख पुसून हे नवे चढवले. जुनी प्रत ठेवायचीही तसदी घेतली नाही. वर बहिणीला म्हणाला, बघ, किती स्वच्छ झालं.

मशीनला काय कळणार मले कोणतं आणि आले कोणतं? चहात आल्याऐवजी आला पडला. पाहुणे जेवला आणि गेला. तेही हसून सोडता आलं असतं, पण लेकीची लाक झाली आणि लेकराचं लाकरू.

मंजुषाला वाटलं, तो ब्राउझरचंच बोलतो आहे; लेखांचं तिला काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तिनं नेहमीसारखं बटण दाबलं. दोन वाक्यं ऐकून आनंदाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दमली असेल असं वाटून मंजुषा पांघरूण घालायला उठली, आणि तेवढ्यात पडद्यावर काय लिहिलं आहे ते तिला दिसलं. मग तिनं एकामागून एक लेख उघडले. मग तिनं संतापून भावाला हाक मारली.

तो आला, त्यानं पाहिलं. जरा जास्तच बदललं वाटतं, म्हणाला. उलटं करून टाकतो. पण उलटं केलं की आईचा प्रत्येक 'ला' 'ले' होणार, मुळातला 'बैल गेला'सुद्धा 'बैल गेले' होणार, हे त्याच्याही ध्यानात आलं.

"माय अशुद्ध होती का रे?" मंजुषानं विचारलं.

"मी तसं कुठं म्हटलं? लोक वाचतात, म्हणून."

"तिच्या बोलण्याची तुले लहानपणापासून लाज वाटे. आता तं ते बिचारी बोलतबी नाई. आता काऊन पुसलं?"

मंजुषानं त्याचा दंड धरला, त्याला आईच्या खाटेपाशी बसवलं आणि एक लेख त्याच्यापुढे धरला. धनंजय लहानपणी बाजारात हरवला होता, त्या दिवसाचा. वाच म्हणाली. तो वाचू लागला. मी दुकानोदुकानी इचारत फिरली, माहा लाक पाह्यला का, माहा लाक पाह्यला का.

आनंदाबाईंनी मान वळवली. त्यांचे ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"ले," त्या म्हणाल्या. "ले."

पुढचं अक्षर काही केल्या येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. धनंजय खाली बघत होता.

"लेक," तो हळूच म्हणाला.

मंजुषाचा राग यानंही उतरला नाही, आणि उतरावा असं तिला वाटलंही नाही. सगळे लेख आता हातानं, शब्द न् शब्द तपासून सुधारायचे होते. तिनं संगणक ओढून खाटेजवळ आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"कोणता शब्द कसा होता ते मले नको इचारू," ती म्हणाली. "मायले वाचून दाखवजो. चुकला तं ते मान हालवते."